लष्करी नकाशांच्या प्रती घेताना

ओकिनावा, इवो जिमा अशा जपानी बेटांवरच्या दुसऱ्या महायुद्धातल्या लढायांच्या नकाशांच्या नव्या प्रती आज सहज विकत मिळतात. भिंतीवर त्या शोभतात, पण ते बेट पाहिलेले नसले तर प्रत किती विश्वासाची हे घेणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. म्हणून नंदुरबारच्या संग्राहकाने सुरुवात आपल्याच मुलखापासून करावी.

दुसऱ्या महायुद्धात कोट्यवधी नकाशे छापणाऱ्या अमेरिकेच्या आर्मी मॅप सर्व्हिसने १९५० च्या दशकात भारताची १:२,५०,००० प्रमाणाची ‘यू ५०२’ ही मालिका काढली. तिचा आधार मुख्यतः भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशांचा. जवळजवळ सगळा नंदुरबार जिल्हा तिच्या एनएफ ४३-१० या एकाच शीटमध्ये येतो. टेक्सास विद्यापीठाच्या पेरी-कास्तानेडा ग्रंथालयाने ही मालिका विनामूल्य उपलब्ध केली आहे. तेव्हा ‘दुर्मीळ’ म्हणून सांगितलेली किंमत खरे तर कागदाची आणि छपाईची असते.

प्रत हाती आली की आधी पट्टी घ्यावी. या मालिकेची शीट उत्तर-दक्षिण एक अंश, म्हणजे सुमारे ११० किलोमीटर व्यापते. चौकटीची उंची ४४ सेंटिमीटरच्या आसपास भरली पाहिजे. ती ३० भरली, तर नकाशा फ्रेममध्ये बसवण्यासाठी लहान केलेला आहे. खाली १:२,५०,००० छापलेले तसेच राहते, पण आता एका सेंटिमीटरात अडीच नव्हे, जवळपास पावणेचार किलोमीटर मावतात. नकाशावरची मोजपट्टी मात्र नकाशाबरोबरच आकसते, म्हणून अंतर तिच्यावरूनच काढावे.

मग भिंग. मूळ छपाईत प्रत्येक रंगाची शाई वेगळी चढे, त्यामुळे सातपुड्याच्या समोच्च रेषा भिंगाखाली सलग तपकिरी दिसतात. स्कॅनवरून छापलेल्या प्रतीत त्याच रेषा रंगीत ठिपक्यांत फुटतात. घडीची खूण दिसते पण बोटाला लागत नाही, तर ती घडीही छापलेलीच. प्रत असणे यात वावगे काही नाही. प्रत मूळ म्हणून विकणे ही फसवणूक आहे.

मजकूरही तपासावा. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. त्याआधी हा मुलूख पश्चिम खानदेश आणि नंतर धुळे जिल्ह्यात होता. १९५० च्या दशकातल्या म्हणवणाऱ्या नकाशावर ‘नंदुरबार जिल्हा’ असेल, तर कोणीतरी त्यात फेरफार केलेला आहे. उत्तरेला मणिबेलीजवळ नर्मदा नदीसारखीच दिसली पाहिजे, सरदार सरोवराचा फुगवटा नव्हे. नवापूरच्या बाजूला उकाईचा जलाशयही नको; ही दोन्ही धरणे नंतरची.

भारतीय शीटवर ‘रिस्ट्रिक्टेड’ असा शिक्का असेल, तर मोहात न पडता ती सोडून द्यावी. सर्वेक्षण विभागाचे खुल्या मालिकेतले १:५०,००० नकाशे सर्वांसाठी आहेत. परदेशी मालिकांत भारताच्या सीमा आपल्या अधिकृत नकाशाप्रमाणे असतीलच असे नाही, आणि तसा नकाशा प्रसिद्ध करणे गुन्हा ठरतो. प्रती काढून वाटणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

सर्वेक्षण विभागाच्या जुन्या इंची (मैलाला एक इंच) टोपोशीटचा एक घोळ खास नंदुरबारचा आहे. शहर ७४°१५' पूर्व रेखांशाच्या कडेलाच वसलेले आहे आणि नेमकी तिथेच ४६ के/३ ही शीट संपून ४६ के/७ सुरू होते. त्यामुळे एकट्या शीटचे पैसे देऊ नयेत. दोन्ही मिळत असतील तरच घ्याव्यात.