सॅमन शाकाहारी झाला, मग आपण काय खावे?

गणपतीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत एका काकूंनी मला विचारले, "यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यापासून आम्ही दर आठवड्याला सॅमन आणतो. पण हल्ली त्याला सोयाबीन खायला घालतात म्हणे. मग एवढे पैसे देऊन उपयोग काय?" प्रश्न रास्त होता. माझे शिक्षण मत्स्यशास्त्राचे असल्याने रांगेत अर्धवट राहिलेले उत्तर येथे पूर्ण करतो.

मुंबईला वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत शिकताना रोहू, कटला यांना शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा द्यायचा, हा आमचा पहिला धडा होता. हे मासे त्यावर छान पोसतात, कारण वनस्पती आणि पाण्यातले सूक्ष्म जीव हेच त्यांचे मूळ अन्न. सॅमन मात्र शिकारी मासा आहे. त्याचे आतडे आखूड असते. पूर्वी पाळलेल्या सॅमनचे खाद्य मुख्यतः मासळीची भुकटी आणि माशांचे तेल यांचे असे. त्यासाठी पेरूच्या किनाऱ्यावरील अँकोव्हीसारखे लहान मासे लागतात. ते मर्यादित, आणि मागणी वाढली तशी किंमतही चढली. सॅमन वाढवण्याच्या खर्चात साधारण निम्मा वाटा खाद्याचाच असतो. म्हणून नॉर्वेत १९९० साली खाद्यात सुमारे ९० टक्के असलेला सागरी भाग २०१३ पर्यंत सुमारे ३० टक्क्यांवर आला. त्याची जागा सोया, गहू आणि रेपसीडच्या तेलाने घेतली. स्कॉटलंडही त्याच वाटेने गेले.

वाढीवर परिणाम

नुसते सोयाबीनचे पीठ जास्त झाले की सॅमनच्या आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज येते, अन्न अंगी लागत नाही आणि वाढ मंदावते. वनस्पतींतील फायटेटमुळे फॉस्फरस आणि जस्तही नीट मिळत नाही. शिवाय मेथिओनीन, लायसीन ही प्रथिनांची घटकद्रव्ये कमी पडतात. म्हणून कारखान्यात सोयातील त्रासदायक द्रव्ये काढून टाकतात आणि उणे असलेले घटक वरून घालतात. असे संतुलित खाद्य मिळाले की मासा जवळजवळ पूर्वीसारखाच वाढतो.

प्रजननावर परिणाम

इथे जास्त जपावे लागते. अंड्यातून निघालेल्या पिल्लाचे डोळे आणि मेंदू घडायला डीएचए हे ओमेगा-३ स्निग्धाम्ल लागते, आणि ते आईच्या आहारातून अंड्यात उतरते. त्यामुळे पैदाशीच्या माशांच्या खाद्यात माशांचे तेल राखावेच लागते. सोयाबीनमध्ये स्त्री-संप्रेरकासारखी द्रव्येही असतात. फ्रान्समध्ये १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सोयायुक्त खाद्यामुळे सायबेरियन स्टर्जन माशांच्या रक्तात अंड्याच्या बलकाचे प्रथिन वाढलेले आढळले. आपल्याकडच्या सरकीच्या पेंडीतील गॉसिपॉल हे द्रव्यही प्रमाणाबाहेर गेले तर माशांना बाधते.

आपल्या ताटात काय येते?

मासा जे तेल खातो, तेच त्याच्या मांसात उतरते. स्टर्लिंग विद्यापीठाने २००६ ते २०१५ या काळातील स्कॉटिश सॅमनचे नमुने तपासले. त्यांतील ईपीए आणि डीएचए ही उपयुक्त ओमेगा-३ सुमारे निम्म्यावर आली होती. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे पूर्वी एका तुकड्यात जेवढे मिळे, त्यासाठी आता दोन तुकडे लागतात. तरीही इतर बहुतेक मासे आणि कोंबडी-मटण यांच्यापेक्षा सॅमनमध्ये ते अधिकच आहे. तेव्हा सॅमन निरुपयोगी झाला, असे मुळीच नाही.

पण पर्याय स्वस्त आहेत. बांगड्याचा भाऊबंद मॅकरेल, तसेच हेरिंग आणि सार्डिन समुद्रात आपले नैसर्गिक अन्न खाऊन वाढतात. सार्डिनचा डबा सॅमनच्या तुकड्यापेक्षा पुष्कळ कमी पैशांत येतो, आणि त्यातील मऊ काटे खाल्ले तर कॅल्शियमही मिळते. कांदा, कोकम आणि लसूण घालून त्याचे सुके झकास होते. डब्यावरचे मिठाचे प्रमाण मात्र पाहावे. ट्यूना तेलकट माशांत मोजला जात नाही.

एनएचएसचा सल्ला आठवड्यातून किमान दोनदा मासे, त्यांपैकी एकदा तेलकट मासा, असा आहे. एक वाढ म्हणजे शिजवलेला सुमारे १४० ग्रॅम मासा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, तसेच पुढे मूल होऊ शकेल अशा मुली व स्त्रियांनी, तेलकट मासा आठवड्यातून दोनदाच खावा. गरोदरपणी कॉड लिव्हर ऑइल टाळावे. झटका येऊन गेलेल्यांना तो पुन्हा येऊ नये म्हणून ओमेगा-३ च्या गोळ्या देऊ नयेत, असे येथील वैद्यकीय मार्गदर्शन आहे. त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांवर पैसे घालवू नयेत.

शाकाहारी कुटुंबांनी जवसाची चटणी आणि अक्रोड जरूर खावेत. मात्र त्यांतील ओमेगा-३ चे ईपीए-डीएचए आपल्या शरीरात फार थोडे बनते. ते थेट हवे असल्यास सागरी शेवाळापासून काढलेले तेल मिळते.

काकूंना माझे उत्तर एवढेच: एक आठवडा सॅमन, एक आठवडा मॅकरेल किंवा सार्डिन. काकांना ओमेगा-३ अधिक मिळेल आणि पिशवीत चार पौंड शिल्लक राहतील.