शिडाच्या बोटीला हायब्रिड मोटर : आधी हिशेब, मग खरेदी

व्यापारी आणि कारागीर बंधूंनो, शिडाची बोट वाऱ्यावर चालते. पण बंदरात शिरताना, किंवा वारा पडून बोट खडकाकडे ओढली जाऊ लागली तर मोटरच कामाला येते. तिथे निवड चुकली तर पैसा तर जातोच, जीवही धोक्यात येतो. म्हणून बोट बांधणारा, वायरिंग करणारा आणि माल पुरवणारा, तिघांनीही हा हिशेब समजून घ्यावा.

हायब्रिड म्हणजे बॅटरीवरची मोटर आणि डिझेल यांची जोडी. समजा, 12 मीटरच्या बोटीला शांत पाण्यात ताशी 5 सागरी मैल वेगासाठी 5 किलोवॅट शक्ती लागते. 10 युनिटच्या लिथियम बॅटरीतली 8 युनिट वापरली, तर बोट दीड तासात सुमारे 8 मैल जाईल. वेग 3 मैलांवर आणला, तर शक्ती जवळजवळ पाचव्या हिश्श्यावर येते आणि त्याच बॅटरीत 20 मैल निघतात. कारण वेग दुप्पट करायचा तर शक्ती सुमारे आठपट लागते. समोरून वारा आणि लाटा असल्या, तर हा आकडा बराच खाली येतो.

आता डिझेल पाहा. एक लिटर डिझेल इंजिनातून सुमारे 3 युनिट काम देते. म्हणजे शंभर किलोच्या आसपास वजनाची 10 युनिटची बॅटरी जेमतेम तीन लिटर डिझेलची बरोबरी करते! म्हणून बॅटरी जवळच्या कामाला, डिझेल लांबच्या पल्ल्याला.

जोडणीचे प्रकार दोन. पहिल्यात जनरेटर वीज करतो आणि पंखा फक्त मोटर फिरवते. बोटीवर फ्रिज, पंप, दिवे यांना वीज जास्त लागत असेल तर हा प्रकार सोयीचा. पण डिझेलची वीज करून पुन्हा मोटर फिरवताना काही शक्ती वाया जाते. दुसऱ्यात इंजिन आणि मोटर दोन्ही एकाच दांड्याला जोडलेली असतात. तासन्‌तास इंजिनावर जाणाऱ्याला हा बरा. शिवाय एक बंद पडले तर दुसरे हाताशी राहते.

सौर पॅनेल घरखर्चाची वीज भागवतात. 500 वॅटचे पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला सुमारे 2 युनिट देते. त्यावर दिवसभर मोटर चालवण्याची आशा धरू नये.

खरेदी करताना तीन गोष्टी विचारा. मोटरची सतत चालण्याची शक्ती किती? विक्रेता पुष्कळदा क्षणभराचा मोठा आकडा सांगतो. व्होल्टेज किती? 5 किलोवॅटला 12 व्होल्टवर चारशेहून जास्त अँपिअर लागतात, 48 व्होल्टवर शंभराच्या आसपास. केबल आणि फ्यूज त्यावरून ठरतात. आणि बिघाड झाला तर आपल्या बंदरात दुरुस्ती कोण करील?

थोडक्यात, मालकाला आधी विचारा : मोटरवर किती तास आणि कोणत्या वेगाने जाणार? उत्तर कागदावर उतरवा, मगच बयाणा द्या.