चिठ्ठीवरचं नाव

अमरावती

चि. बाळू यास आत्याचे आशीर्वाद.

काल तुझ्या आईचा फोन आला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'ॲडजस्टमेंट डिसऑर्डर' वाचून ती घाबरली आहे, आणि तू म्हणे मोबाईलवर शोधून शोधून आणखीच घाबरलास. मी जन्मभर सरकारी दवाखान्यात सिस्टर होते, तेव्हा थोडं माझंही ऐक.

मराठीत याला समायोजन विकार म्हणतात. हे वेड नव्हे, नाटकही नव्हे. आयुष्यात मोठी उलथापालथ झाली की साधारण तीन महिन्यांच्या आत सुरू होतो. झोप उडते, धडधडतं, माणसं नकोशी होतात. दुःख कोणाला होत नाही? पण ते झाल्या गोष्टीच्या मानाने फारच वाढलं किंवा रोजची कामं अडू लागली, की डॉक्टर हे नाव देतात. कारण आणि त्याचे परिणाम सरले की बहुतेक वेळा सहा महिन्यांत ओसरतो.

तुझं कारण मात्र लगेच सरणारं नाही. इतकी वर्षं सदाशिव पेठेत एमपीएससी, आणि आता वरूडला भावाच्या हाताखाली संत्र्याचा बगीचा. त्यात जो तो विचारतो, "काय रे बाप्पा, लागला का रिझल्ट?" म्हणून तू कटिंगच्या दुकानातसुद्धा जात नाहीस, केस मानेवर आलेत, असं आई सांगत होती.

आंबिया बहारासाठी झाडाला ताण देतात तसा हा ताण, पुढे फुलं येतील, असं कोणी म्हटलं तर मान डोलवू नको. झाडाचं पाणी तोडणारा जमीन बघून दिवस ठरवतो. तुझे कोणी ठरवले होते?

डॉक्टरांची पुढची तारीख चुकवू नको. यात मुख्य इलाज बोलण्याचा. गोळी दिली असेल तर ती मनाने बंद करायची नाही. झोपेसाठी दारू तर मुळीच नको. सकाळी ठरल्या वेळी ऊठ. बगीच्यात नुसता फिरू नको, कोणत्या खोडाला डिंक्या लागलाय ते बघायचं काम भावाकडून मागून घे. आणि लोकांसाठी एकच उत्तर ठरव: "नाही झालं काका, आता घरीच आहे." सुरुवात कटिंगच्या दुकानापासून कर. तिथे एकदा सांगितलंस की अर्ध्या वरूडला वेगळं सांगावं लागणार नाही.

पुन्हा परीक्षा, लग्न, वाटणी, यातलं काहीही इतक्यात ठरवायचं नाही. तुझ्या बाबांशी मी बोलते.

जीव नकोसा वाटला तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, भावाला उठव, मला फोन कर. आमच्याशी बोलायची लाज वाटली तर १४४१६ लाव. टेलिमानस म्हणून सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेला नंबर आहे. चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

रविवारी येते. चिठ्ठी आणि गोळ्यांची पट्टी काढून ठेव, मला बघायची आहे.

तुझी आत्या