अंथरुणाची एक नवी कल्पना

अंथरूण पाहून पाय पसरावे, अशी आपल्यांत म्हण आहे. परंतु अंथरूणच दमट असेल तर पाय पसरूनही झोंप येत नाहीं, हा अनुभव पनवेलकरांस नवा नाहीं. खाडीच्या कांठच्या ह्या गांवीं आषाढांत कित्येक दिवस ऊन दिसत नाहीं. कापसाची गादी हवेंतील ओल व अंगाचा घाम शोषून जड होते. पुढें ऊन पडलें तरी ती एकटीनें उचलून बाहेर काढणें घरांतील माउलीस कठीण जातें. १३ ते १८ वर्षांच्या मुलांस रोज ८ ते १० तास झोंप हवी, असें वैद्यकशास्त्र सांगतें. ती अपुरी राहिली म्हणजे वर्गांत पुस्तक उघडें आणि डोळे मिटलेले, अशी स्थिति होते.

सुखकर अंथरूण म्हणजे काय, हें प्रथम पाहूं. गादी जितकी मऊ तितकी झोंप गाढ, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः झोंप लागतांना शरीराच्या अंतर्भागाची उष्णता किंचित् उतरते; ती उष्णता व घामाची वाफ ह्यांस बाहेर जाण्यास वाट हवी. थंडींत ऊब देते तीही तंतूंमध्यें अडकलेली कोरडी हवाच होय. ओल शिरली कीं तंतु दबतात व गांठी होतात. शिवाय दमट अंथरुणांत धुळींतील अतिसूक्ष्म किडे वाढतात. ते दम्याच्या रोग्यास फार बाधतात. तेव्हां अंथरुणाचा पहिला गुण मऊपणा नव्हे, कोरडेपणा होय.

आतां वाळण्याचा नियम पाहा. जाडी निम्मी केली तर आंतील ओल बाहेर येण्याचा वेळ निम्मा नव्हे, सुमारें चौथाई होतो. ह्यावरून आम्हांस असें सुचलें कीं, एका जाड गादीऐवजीं डोकें, कंबर व पाय ह्यांकरितां तीन पातळ खंड, व त्यांवर तसेच आणखी तीन, असे सहा खंड शिवावे आणि नाड्यांनीं एकमेकांस बांधावे. प्रत्येकास धुण्यासाठीं निराळी खोळ असावी. वर जुन्या लुगड्यांची गोधडी अंथरावी, म्हणजे सांधे टोंचणार नाहींत. खालीं सुंभाची बाज असल्यास खालूनही हवा खेळते.

खंडांत पिंजलेला कापूस चालेल. वरच्या थरांत सावरीचा कापूसही भरून पाहावा. त्याचा तंतु आंतून पोकळ व बाहेरून मेणचट असतो, म्हणून तो फार हलका असून पाण्यानें लवकर भिजत नाहीं. सावरीच्याच कुळांतील जावा बेटाकडील कापोक पूर्वीं बुडत्यांस तारणाऱ्या जाकिटांत भरीत असत. मात्र तो दबून चपटा होतो व चटकन् पेट घेतो, म्हणून दिव्यापासून दूर ठेवावा. कर्नाळ्याच्या अभयारण्यांतून बोंडें तोडूं नयेत. बांधावरचीं झाडें पाहावीं.

ही कल्पना खरी कीं खोटी, हें तराजूच ठरवील. मुलांनीं एक खंड सकाळीं व उन्हांत ठेवल्यावर पुन्हां तोलावा, आणि घरच्या जाड गादीशीं ताडून पाहावा. शुभवर्तमानांतील पक्षाघाती मनुष्य बरा होतांच आपली बाज आपणच उचलून चालूं लागला. आमच्या मुलांसही आपलें अंथरूण आपणच उन्हांत नेतां यावें, आणि आईच्या पाठीवरील तेवढें ओझें उतरावें, एवढीच आमची इच्छा आहे.