‘एनए’चा शेरा आधी, खरेदी नंतर

कागल पंचतारांकित एमआयडीसीत कापडाचा कारखाना असो वा फाउंड्री, गेटवर बहुतेक वेळा एखादा निवृत्त फौजी भेटतोच. ज्या जिल्ह्यात सैनिक टाकळीसारखं गाव आहे, तिथं यात नवल नाही. पाळी बदलताना त्यांच्या गप्पा पेन्शनवरून सुरू होतात आणि औषधांच्या बिलांवर येऊन थांबतात.

मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले एक सुरक्षारक्षक अशा गप्पांत आता इतरांना सावध करतात. त्यांना मधुमेह आहे, पत्नीला रक्तदाब. माजी सैनिकांच्या पॉलिक्लिनिकमध्ये डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं. औषधाच्या खिडकीवर उत्तर मिळालं की स्टॉक संपलाय, बाहेरून घ्या. त्यांनी कागलमधल्या मेडिकलमधून औषधं घेतली, बिलं नीट जपली आणि एकत्र दावा दाखल केला. हातात आली ती कापलेली रक्कम. का कापली, हे कुणी लिहून दिलं नाही. चिठ्ठीवर औषध नसल्याचा शेरा नाही, एवढंच तोंडी सांगितलं. वरून आलेला हुकूम मानायची सवय आयुष्यभराची, त्यामुळे ते निमूट परतले. पुढची बिलं तर त्यांनी टाकलीच नाहीत. सैनिकाचं खरं नुकसान होतं ते इथं.

ही पॉलिक्लिनिक चालवणारी माजी सैनिकांची ईसीएचएस आरोग्य योजना १ एप्रिल २००३ रोजी सुरू झाली. निवृत्त होताना वर्गणी एकदाच भरायची असते. २०१७ अखेरच्या आदेशानुसार हवालदारापर्यंतच्या हुद्द्यांना ती ३०,००० रुपये. चिठ्ठीतल्या औषधामागे सभासदानं काही हिस्सा द्यावा, अशी या योजनेची रचनाच नाही. अमेरिकेत अनेक माजी सैनिकांना महिन्याच्या औषधामागे ५ ते ११ डॉलर भरावे लागतात. सेवेमुळे ५० टक्के किंवा जास्त अपंगत्व आलेल्यांना ते माफ असतात आणि बिल चुकीचं वाटल्यास हरकत घेण्याची पद्धत ठरलेली असते. आपल्याकडे असा हिस्सा कागदावर नाही. तो कागदांच्या अभावी खिशातून जातो.

म्हणून खिडकीवरून हलण्यापूर्वीच चिठ्ठीवर ‘एनए’, म्हणजे औषध उपलब्ध नाही, असा तारीख आणि सहीसह शेरा मागावा. अधिकृत स्थानिक औषधविक्रेत्याकडून ते मिळतं का, हेही तिथंच विचारावं. बिलाची तारीख शेऱ्याच्या आधीची नसावी. औषधाचं नाव आणि मात्रा चिठ्ठीशी जुळावी. मूळ कागद देण्याआधी झेरॉक्स ठेवावी आणि दाव्याची पोच घ्यावी. प्रोटीन पावडरसारखा पूरक आहार त्याच बिलात घालू नये. तिथं कपात झाली तर भांडणात अर्थ नाही.

कपात झालीच, तर कोणती रक्कम कोणत्या नियमानं कापली, हे लेखी मागावं. हवालदारांनी पुढं तेच केलं. लेखी अर्जानंतर बिलं पुन्हा तपासली गेली आणि ज्या चिठ्ठ्यांवर शेरा होता, त्यांचे पैसे खात्यात आले. बाकीचे गेले.

लेखी उत्तर येत नसेल तर केंद्राच्या सीपीग्राम्स पोर्टलवर तक्रार करता येते. माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून दाव्यावरचे शेरे मागवता येतात. उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज लिहायला जमत नसेल, तर कोल्हापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मदत मागायला संकोच करू नये.

१३ एप्रिल २०१८ च्या शिवकांत झा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं केंद्र सरकारच्या निवृत्त अधिकाऱ्याला दिलासा दिला. रुग्णालय सरकारी यादीत नाही, एवढ्यावरून दावा नाकारता येणार नाही. उपचार खरोखर झाले का, हे पाहायला हवं, असं न्यायालयानं सांगितलं. तो खटला केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस आरोग्य योजनेचा आणि रुग्णालयातल्या उपचारांचा होता. त्याच्या भरवशावर शेऱ्याविना औषधं घेणं धोक्याचंच. पण तांत्रिक कारणानं दावा फेटाळला गेला, तर अर्जात या निकालाचा उल्लेख जरूर करावा.

एक विनंती एमआयडीसीतल्या कंपन्यांना आणि सुरक्षा एजन्सींनाही. पॉलिक्लिनिक दिवसा चालतं आणि पहिल्या पाळीच्या माणसाला तिथं जायला खाडा करावा लागतो. दीर्घ आजाराची औषधं साधारण महिन्याभराची मिळतात. तेव्हा गेटवरच्या माजी सैनिकाला महिन्यातून एकदा, पगार न कापता, पाळी बदलून द्या.