दोष मोठा की घाईचा?

प्रश्न : मी सॉफ्टवेअर टेस्टिंग शिकतोय. ‘सिव्हिरिटी’ आणि ‘प्रायॉरिटी’ यांत नेमका फरक काय? – एक वाचक, धारणी

उत्तर : सिव्हिरिटी म्हणजे दोषामुळे होणारं नुकसान, प्रायॉरिटी म्हणजे दुरुस्तीची निकड. समजा, रेंज गेली की अंगणवाडीच्या ॲपमधली बाळाच्या वजनाची नोंद पुसली जाते. मेळघाटात रेंज जाणं नित्याचंच, म्हणून इथे दोन्ही अव्वल. पहिल्याच पानावर ‘धारणी’चं ‘धरणी’ झालं, तर नुकसान किरकोळ. पण उद्या उद्घाटन असेल तर दुरुस्ती आजच. उलट, फक्त २९ फेब्रुवारीला बंद पडणारं ॲप हा गंभीर दोष, तरी दुरुस्तीला सवड असू शकते. सिव्हिरिटी साधारणपणे टेस्टर ठरवतो, प्रायॉरिटी प्रकल्पाचा प्रमुख. दोष नोंदवताना तो पुन्हा कसा घडतो, त्याच्या पायऱ्या क्रमाने लिहाच.