आंतरजाल आणि आपले खासगीपण

पोस्टकार्ड आणि बंद पाकीट यांतील भेद आपणां सर्वांस ठाऊक आहे. कार्डावरील मजकूर वाटेत कोणासही वाचता येतो. पाकिटातील मजकूर झाकलेला असतो. परंतु त्यावरील पत्ता वाचल्यावाचून टपालखात्याचे काम चालत नाही. आंतरजालावर आपण जे मागवितो ते असेच एका मध्यस्थाच्या हातून जाते. हा मध्यस्थ म्हणजे आपला इंटरनेट सेवादाता होय. त्याला आपल्याविषयी काय कळते आणि आपले खासगीपण राखण्यासाठी आपण काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

भारतात सर्वसामान्यांसाठी ही सेवा विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. आज आमच्या इंदूरच्या भंवरकुआं भागाकडे पाहावे. माळवा-निमाडातून स्पर्धापरीक्षांच्या अभ्यासासाठी आलेली मुले-मुली येथे भाड्याच्या खोल्यांत राहतात. शिकवणीचे पाठ, परीक्षेचे अर्ज, निकाल, पैशांची देवघेव, सारे मोबाइलवरून चालते. जी शंका आईजवळही बोलवत नाही, तीही येथेच विचारली जाते. एखाद्याने रात्री दोन वाजता कोणत्या आजाराची माहिती शोधली, कर्ज देणाऱ्या कोणत्या संस्थेचे पान उघडले, हे सलग महिनाभर टिपून ठेवले तर त्याच्या मनाचा नकाशाच दुसऱ्याच्या हाती येतो.

हे टिपले कसे जाते? प्रत्येक संकेतस्थळाला एक नाव आणि एक अंकांचा पत्ता असतो. आपण नाव लिहितो. त्यावरून अंक शोधून देणाऱ्या व्यवस्थेस डी. एन. एस. म्हणतात. ती एक प्रकारची टेलिफोन डिरेक्टरीच होय. आपण निराळी सोय केली नसेल, तर ही डिरेक्टरी बहुधा सेवादात्याचीच असते. म्हणून आपण कोणाचा पत्ता विचारला हे त्याला आपसूक कळते. संकेतस्थळाचा पत्ता ‘एचटीटीपी’ने सुरू होत असेल तर तो व्यवहार पोस्टकार्डासारखा उघडा असतो. ‘एचटीटीपीएस’ असेल तर मजकूर सांकेतिक लिपीत बंद होतो. मग कोणते पान वाचले, काय लिहिले, हे सेवादात्यास दिसत नाही. मात्र कोणत्या संकेतस्थळाशी, किती वाजता आणि किती माहितीची देवघेव झाली, हे दिसू शकते.

ही भीती केवळ कल्पनेतील नव्हे. २०१५ साली बंगळुरूतील एका संगणकतज्ज्ञास असे आढळले की, एअरटेलच्या थ्री-जी सेवेवरून उघडलेल्या पानांत मूळ लेखकाने न लिहिलेली संगणकाज्ञा वाटेत घातली जात आहे. ग्राहकाने किती डेटा वापरला हे त्याला कळावे, एवढाच हेतू असल्याचे कंपनीने सांगितले. हेतू काहीही असो, वाटेतला मध्यस्थ उघड्या पत्रात भर घालू शकतो, हे त्यावरून सिद्ध झाले. अमेरिकेत सेवादात्यांनी ग्राहकाच्या संमतीवाचून त्याच्या वाचनाची माहिती वापरू नये, असा नियम २०१६ साली झाला. तो अंमलात येण्यापूर्वीच, एप्रिल २०१७ मध्ये, रद्द करण्यात आला.

आपल्या देशात या हक्काचा इतिहास आमच्याच प्रांताशी निगडित आहे. मध्य प्रदेश पोलिसांच्या पाळतीच्या नियमांविरुद्ध गोविंद नामक एका इसमाने दाद मागितली. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने ते नियम कायम ठेवले. परंतु खासगीपणाचा हक्क राज्यघटनेतून निघू शकतो, असा विचारही त्या निकालात मांडला. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे घोषित केले. त्यावर मर्यादा घालावयाची तर कायदा हवा, हेतू न्याय्य हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा, असे तत्त्व त्यातून रूढ झाले.

विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावा असा कायदा २०२३ चा आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक असून मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास आणि त्यांना उद्देशून जाहिराती करण्यास, काही अपवाद वगळता, मनाई आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. मुख्य तरतुदींसाठी अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली.

येथे कोणी विचारील की, ज्याने वावगे केले नाही त्याने लपवावे तरी कशाला? गुन्ह्याच्या तपासासाठी काही नोंदी राखणे अवश्य आहे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु रोजनिशी कुलपात ठेवणारी मुलगी गुन्हेगार नसते. आपल्याकडे कोणी पाहत आहे असे वाटले की माणूस प्रश्न विचारण्यास कचरतो. आणि ज्या वयात प्रश्न विचारावयाचे त्या वयात हा संकोच जडणे हे शिक्षणाचे मोठे नुकसान आहे.

आता उपाय पाहू. पहिला, पत्त्याच्या आरंभी ‘एचटीटीपीएस’ आहे ना हे पाहावे; केवळ याच मार्गाने पाने उघडण्याची सोय ब्राउझरमध्ये असते, ती चालू करावी. दुसरा, अँड्रॉइड मोबाइलच्या नेटवर्क सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ ही सोय आहे. तिने पत्त्याची चौकशी झाकली जाते. तथापि जोडणीच्या आरंभी संकेतस्थळाचे नाव पुष्कळदा उघडेच जाते, म्हणून हे संरक्षण अपुरे आहे. तिसरा उपाय व्हीपीएन. त्यात सारा व्यवहार एका बंद बोगद्यातून जातो. सेवादात्यास केवळ बोगद्याचे तोंड दिसते. मात्र एरवी सेवादात्यास जे दिसते ते आता बोगद्याच्या मालकास दिसू शकते; म्हणजे विश्वास नाहीसा होत नाही, तो दुसऱ्यावर टाकला जातो. फुकट मिळणाऱ्या व्हीपीएनपासून यास्तव सावध राहावे. शिवाय सर्ट-इन या सरकारी संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षे राखण्याचा आदेश दिला आहे.

दोन गैरसमजही दूर करावयास हवेत. ‘इन्कॉग्निटो’ खिडकी आपल्या यंत्रावर इतिहास ठेवत नाही एवढेच. सेवादात्यापासून ती काहीही लपवीत नाही. आणि वसतिगृहातील किंवा उपाहारगृहातील वाय-फाय वापरताना तो चालविणारा मनुष्यही आपला मध्यस्थच असतो. सेवादात्यास जे दिसते ते त्यालाही दिसू शकते.

विद्यार्थिमित्रांनो, हा लेख वाचून झाल्यावर घरच्या मोबाइलमधील या दोन्ही सोयी तपासून पाहा, आणि आजी-आजोबांच्या मोबाइलवर त्या त्यांना विचारून तुम्हीच चालू करून द्या.